रस्त्याचे माप घनमीटरात, डांबराचे वजन टनात

दसरा उलटला आणि भातकापणी आटोपत आली, की मालवण तालुक्यातील रस्त्यांवर रोलरचा आवाज घुमू लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात डांबरीकरणाला मिळतात ते जेमतेम सहा-सात महिने. या अवधीत झालेले काम पुढच्या जूनमध्ये टिकते की वाहून जाते, यावर शाळेची एस.टी., मासळीचा टेम्पो, रुग्णवाहिका आणि तारकर्ली-देवबागकडे येणारा पर्यटक या सर्वांचा प्रवास अवलंबून असतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ चा बराचसा भाग काँक्रीटचा झाला असला, तरी महामार्ग सोडून गावाकडे वळणारा रस्ता आजही बहुतेक ठिकाणी डांबरीच आहे.

कामाच्या ठिकाणी लावलेल्या फलकावर रस्त्याची लांबी, रुंदी आणि थराची जाडी लिहिलेली असते. ही झाली मापे. प्रत्यक्षात मात्र हॉट मिक्स प्लांटवरून डंपर येतो तो वजनकाट्यावरून, टनांची पावती घेऊन. कागदावर घनफळ आणि गाडीत वजन, अशी ही दोन भाषांतील व्यवस्था आहे. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे घनता. हा दुवा समजला, तर आपल्या दारातील रस्त्यावर किती माल पडायला हवा होता, याचा अंदाज कोणाही नागरिकाला कागद-पेन्सिल घेऊन बांधता येतो. गणित शाळेतल्या पाचवी-सहावीचेच आहे.

डांबर म्हणजे नेमके काय?

बोलीभाषेत आपण संपूर्ण काळ्या रस्त्यालाच 'डांबर' म्हणतो. शास्त्रीयदृष्ट्या यात दोन वेगळे पदार्थ येतात. पहिला म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून तळाशी उरणारा काळा, चिकट पदार्थ, बिटुमेन. पूर्वी दगडी कोळशापासून निघणारे डांबर रस्त्यांसाठी वापरले जाई. नाव तेच राहिले, पदार्थ बदलला. दुसरा म्हणजे खडी, चुरी, बारीक भुकटी आणि तापवलेले बिटुमेन यांचे मिश्रण. रस्त्यावर पसरले जाते ते हे मिश्रण. त्यात वजनाने साधारण ९४ ते ९६ टक्के दगड आणि केवळ ४ ते ६ टक्के बिटुमेन असते.

'या रस्त्याला किती डांबर लागेल?' या प्रश्नाची म्हणूनच दोन उत्तरे असतात. एक मिश्रणाचे, दुसरे त्यातील निव्वळ बिटुमेनचे. बिटुमेनची घनता पाण्याएवढीच, म्हणजे घनमीटरला एक टनाच्या किंचित वर असते. दाबून बसवलेले मिश्रण मात्र त्याच्या सव्वादोन ते अडीच पट जड असते. या दोन आकड्यांची गल्लत झाली, तर सारा हिशेब कोलमडतो.

मूळ सूत्र

लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्हींचा मीटरमध्ये गुणाकार केला की घनफळ मिळते. घनफळाला घनतेने गुणले की वजन मिळते. सूत्र एवढेच. चुका होतात त्या बहुधा जाडी लिहिताना. ३० मिलिमीटर म्हणजे ०.०३ मीटर, ०.३ नव्हे. दशांश चिन्ह एक घर सरकले, तर उत्तर दहापट चुकते.

मिश्रणाच्या प्रकारानुसार दाबलेल्या थराची घनता बदलते. खालच्या थरात वापरल्या जाणाऱ्या, अधिक पोकळ्या असलेल्या बिटुमिनस मॅकॅडमसाठी घनमीटरला २.२ टन, तर डेन्स बिटुमिनस मॅकॅडम आणि वरच्या थरातील बिटुमिनस काँक्रीट या घट्ट मिश्रणांसाठी २.३५ ते २.५ टन असा आकडा साधारणपणे धरतात. प्राथमिक अंदाजासाठी २.४ हा आकडा सोयीचा. त्यावरून एक सोपा ठोकताळा निघतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा दाबलेला थर म्हणजे २.४ किलो मिश्रण. थर ३० मिलिमीटरचा असेल, तर चौरस मीटरला ७२ किलो.

एका किलोमीटरचा हिशेब

साडेपाच मीटर रुंदीचा, एक किलोमीटर लांबीचा रस्ता घेऊ. त्यावर ३० मिलिमीटर जाडीचा बिटुमिनस काँक्रीटचा थर द्यावयाचा आहे. १००० गुणिले ५.५ गुणिले ०.०३ म्हणजे १६५ घनमीटर. २.४ ने गुणल्यावर वजन येते ३९६ टन. एका डंपरमध्ये १६ टन माल येतो असे धरले, तर पंचवीस खेपा होतात. बिटुमेनचे प्रमाण वजनाने ५.४ टक्के असेल, तर या ३९६ टनांत निव्वळ बिटुमेन सुमारे २१.४ टन.

आता जाडीत केवळ पाच मिलिमीटरची घट झाली, म्हणजे ३० ऐवजी २५ मिलिमीटरचा थर पडला असे समजू. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. वजनात मात्र तो ६६ टनांचा, म्हणजे चार डंपरांहून अधिक भरतो आणि त्यात साडेतीन टन बिटुमेन असते. रस्त्याच्या जाडीतील एकेक मिलिमीटर किलोमीटरमागे १३ टनांहून अधिक मालाचा असतो.

या हिशेबात जुन्या पृष्ठभागाचा विचार वेगळा करावा लागतो. रस्ता आधीच दबलेला, लाटालाटांचा असेल, तर नवा माल प्रथम खोलगट भाग भरण्यात खर्च होतो. वरील रस्त्यावर सरासरी १० मिलिमीटरची खोली भरून काढायची असेल, तर ५५ घनमीटर, म्हणजे १३२ टन मिश्रण केवळ समतल करण्यात जाते. मूळ अंदाजाच्या एकतृतीयांश एवढी ही वाढ आहे. अंदाजपत्रकात ती स्वतंत्रपणे दाखवली नसेल, तर एकच गोष्ट घडते. खळग्यांत जाड आणि उंचवट्यांवर पातळ असा थर पडतो आणि पहिल्या पावसात पापुद्रा सुटतो तो नेमका उंचवट्यावरून.

दगड बदलला की वजन बदलते

२.४ हा आकडा अंदाजापुरता ठीक आहे. अंतिम हिशेबाला तो पुरत नाही. मिश्रणात ९५ टक्के दगडच असल्याने दगडाची जात बदलली की घनता बदलते. या दृष्टीने सिंधुदुर्ग जिल्हा महाराष्ट्रातील इतर अनेक जिल्ह्यांहून वेगळा आहे. पुणे, सातारा, नाशिक या भागांत सर्वत्र दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आढळतो. सिंधुदुर्गात हा पाषाण मुख्यतः उत्तरेला आणि सह्याद्रीच्या बाजूला आहे. दक्षिणेकडे आणि किनाऱ्यालगत मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइट, नीस आणि क्वार्टझाइट जातीचे खडक उघडे पडलेले आहेत. या सर्वांवर ठिकठिकाणी जांभ्याची टोपी आहे.

जांभा घराच्या चिऱ्यासाठी उत्तम, पण तो सच्छिद्र आणि मऊ असतो, पाणी शोषतो. डांबरी थराच्या खडीसाठी म्हणूनच तो चालत नाही. खडी आणावी लागते ती कठीण दगडाच्या खाणीतून, आणि खाण कोणत्या पट्ट्यात आहे यावर वजन ठरते. बेसाल्टचे विशिष्ट गुरुत्व साधारण २.८ ते २.९, तर ग्रॅनाइट-क्वार्टझाइटचे २.६ ते २.७ असते. ५.४ टक्के बिटुमेन आणि चार टक्के हवेची पोकळी धरून हिशेब केला, तर २.८५ विशिष्ट गुरुत्वाच्या बेसाल्टचे दाबलेले मिश्रण घनमीटरला सुमारे २.५ टन भरते, तर २.६५ च्या दगडाचे सुमारे २.३४ टन.

वरच्या उदाहरणातील १६५ घनमीटरांसाठी बेसाल्टचा माल ४१२ टन लागेल आणि हलक्या दगडाचा ३८६ टन. रस्ता तोच, जाडी तीच, गुणवत्ताही तीच, तरीही २६ टनांचा फरक. वजन कमी दिसले म्हणून लगेच चोरी झाली असे म्हणता येत नाही आणि वजन पुरेसे दिसले म्हणून जाडी पुरेशी पडली असेही म्हणता येत नाही, ते याचसाठी.

बिटुमेनच्या टक्केवारीलाही हाच नियम लागू होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१३ च्या विनिर्देशांत बिटुमेनचे किमान प्रमाण २.७ विशिष्ट गुरुत्वाचा दगड गृहीत धरून दिले आहे. दगड त्याहून जड असल्यास हे प्रमाण त्याच पटीत कमी करता येते. ५.४ टक्के प्रमाण २.८५ च्या बेसाल्टसाठी सुमारे ५.१ टक्के होते. कारण उघड आहे. बिटुमेनने वेढायचा असतो तो दगडाचा आकार, त्याचे वजन नव्हे. जड दगडाच्या शंभर किलोंत आकारमान कमी, म्हणून वेढायला बिटुमेनही कमी.

सैल माल, दाबलेला माल आणि ब्रास

घोळ होण्याची आणखी एक जागा म्हणजे सैल आणि दाबलेल्या मालातील फरक. पेव्हरने पसरलेला थर रोलर फिरल्यावर बसतो. ३० मिलिमीटरचा पक्का थर हवा असेल, तर पसरताना तो ३६ ते ३८ मिलिमीटरचा असावा लागतो. अंदाजपत्रकातील जाडी ही नेहमी दाबल्यानंतरची असते. पसरलेल्या सैल थरात पट्टी खुपसून '३० मिलिमीटर भरले' असे समाधान करून घेतले, तर रोलरखाली तो २४-२५ मिलिमीटरवर येणार हे निश्चित.

खडीचा व्यवहार आपल्याकडे अजूनही ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. सैल खडीत दगडांच्या फटी मोठ्या असल्याने तिचे वजन घनमीटरला दीड टनाच्या आसपास, म्हणजे ब्रासला सव्वाचार टनांच्या जवळपास येते. तेवढ्याच आकारमानाचा दाबलेला डांबरी थर मात्र पावणेसात टनांहून अधिक भरतो. खडीच्या ब्रासवरून डांबरी मिश्रणाचे वजन थेट काढता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

गावरस्त्यावरील 'कार्पेट'

जिल्ह्यातील वाडीवस्तीच्या अनेक रस्त्यांवर बिटुमिनस काँक्रीट नसतेच. तेथे २० मिलिमीटरचे कार्पेट आणि त्यावर सील कोट असे काम होते. त्याचे माप घनमीटरात न घेता चौरस मीटरात घेतात, आणि माल ठरतो तो दर १० चौरस मीटरमागे ठरवून दिलेल्या प्रमाणाने. कार्पेटसाठी १० चौरस मीटरला ०.२७ घनमीटर बारीक खडी आणि १४.६ किलो बिटुमेन लागते. ०.२७ घनमीटर खडी तेवढ्या जागेवर सैल पसरली तर २७ मिलिमीटर भरते आणि दाबल्यावर २० मिलिमीटर उरते. सील कोटला प्रकारानुसार १० चौरस मीटरमागे ६.८ किंवा ९.८ किलो बिटुमेन लागते.

ग्रामीण रस्त्याची रुंदी बहुधा पावणेचार मीटर असते. एका किलोमीटरचे क्षेत्रफळ ३७५० चौरस मीटर. कार्पेटला ५४७५ किलो आणि सील कोटला २५५० ते ३६७५ किलो, म्हणजे एकूण आठ ते सव्वानऊ टन बिटुमेन. खडी १०१ घनमीटर, अर्थात सुमारे ३६ ब्रास. बिटुमेन पिंपांतून आले आणि एका पिंपात दीडशे किलोच्या आसपास माल धरला, तर रस्त्याकडेला पन्नासच्या वर रिकामी पिंपे दिसायला हवीत. टक्केवारी न कळणाऱ्यालाही पिंपे मोजता येतात.

सोसायटीचे अंगण आणि दारातील खड्डा

शहरातील वाचकाला हा हिशेब घरगुती कामातही उपयोगी पडतो. गृहनिर्माण संस्थेचे वाहनतळ किंवा किनाऱ्यावरील निवास-न्याहारी केंद्राचे आवार डांबरी करायचे आहे. जागा ६० फूट बाय ४० फूट, म्हणजे २४०० चौरस फूट अर्थात २२३ चौरस मीटर. थर ४० मिलिमीटरचा. घनफळ ८.९ घनमीटर, वजन सुमारे २१.४ टन. कडांवरील वाया जाणारा माल धरून पाच टक्के वाढवले, तर साडेबावीस टन. कंत्राटदाराने 'एका सोळा टनी गाडीत काम होईल' असे सांगितले, तर जाडी ३० मिलिमीटरच्याच आसपास राहणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच कळते.

खड्ड्याचेही तसेच. एक मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर खोल असा चौकोनी कापून घेतलेला खड्डा ०.०६ घनमीटरचा असतो. तो नीट भरायला १४४ किलो मिश्रण लागते. गणेशोत्सवाच्या तोंडावर दोन-तीन घमेली माल टाकून, फावड्याने थोपटून बुजवलेला खड्डा चतुर्थीपर्यंतही का टिकत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

घनता तपासतात कशी?

तयार रस्त्यातून यंत्राने गोल नमुना कापून काढतात. त्याला कोअर म्हणतात. कोअरची उंची मोजली की जाडी कळते. नंतर तो प्रथम हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलतात. समजा, हवेत वजन १२०० ग्रॅम आणि पाण्यात ७०० ग्रॅम भरले. पाण्यात घटलेले ५०० ग्रॅम म्हणजे नमुन्याचे ५०० घनसेंटिमीटर आकारमान. १२०० भागिले ५००, घनता २.४. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच.

ही घनता त्याच मिश्रणाच्या, एकही पोकळी नसल्यास येणाऱ्या कमाल घनतेशी ताडून पाहतात. कमाल घनता २.५ असेल, तर २.४ म्हणजे ९६ टक्के, अर्थात पोकळी चार टक्के. दुसऱ्या ठिकाणच्या कोअरची घनता २.२५ आली, तर पोकळी दहा टक्के. जाडी दोन्हीकडे ३० मिलिमीटरच असू शकते. मात्र पोकळी सात-आठ टक्क्यांच्या वर गेली, की फटी एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आत शिरते. कोकणातील पावसात असा रस्ता तग धरत नाही. आमच्या उदाहरणातील १६५ घनमीटर जागेत अशा सैल थराचे वजन ३९६ ऐवजी ३७१ टनच भरेल. जाडीच्या मोजमापात निर्दोष ठरलेला रस्ता वजनाच्या पावत्यांत पकडला जातो तो असा.

थर सैल राहण्याचे नेहमीचे कारण म्हणजे थंड झालेला माल. व्हीजी-३० प्रतीच्या बिटुमेनचे मिश्रण प्लांटवर १५० ते १६५ अंश सेल्सियसला तयार होते, पसरताना ते १४० अंशांच्या आसपास असावे लागते आणि ९० अंशांपर्यंत उतरण्यापूर्वी रोलरचे काम संपावे लागते. प्लांट दूर, रस्ता वळणाचा आणि काम समुद्र व कर्ली नदी यांमधील चिंचोळ्या देवबागच्या टोकाला असेल, तर ताडपत्री झाकलेली गाडी वेळेत पोहोचणे हाही वजनाच्या हिशेबाचाच भाग ठरतो. पातळ थर तर आणखी लवकर निवतो.

नागरिकांनी काय पाहावे?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार नागरिकाला केवळ कागदपत्रेच मागता येतात असे नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार कायद्यातील 'माहितीचा अधिकार' या शब्दाच्या व्याख्येतच अंतर्भूत आहे. मागायची कागदपत्रे चार: मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, मिश्रणाच्या रचनेचा प्रयोगशाळेतील अहवाल, वजनकाट्याच्या पावत्या आणि कोअर तपासणीचा अहवाल. पहिल्यातून घनफळ कळते, दुसऱ्यातून घनता, तिसऱ्यातून वजन आणि चौथ्यातून या तिघांचा मेळ बसतो की नाही ते.

घनफळाला अहवालातील घनतेने गुणावे आणि पावत्यांच्या बेरजेशी ताडून पाहावे. दोन-चार टक्क्यांचा फरक कडा, वाया गेलेला माल आणि पृष्ठभागाचा उंचसखलपणा यांमुळे स्वाभाविक आहे. वजन त्याहून बरेच कमी असेल, तर जाडी किंवा दाब यांपैकी काहीतरी अपुरे आहे. बरेच अधिक असेल, तर तो माल गेला कोठे, हा प्रश्न विचारता येतो. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या अभियंत्याला आणि कंत्राटदारालाही हा ताळा हवाच असतो. संशयाच्या वातावरणात त्याच्या बाजूने बोलणारा तोच एक पुरावा असतो.

रस्ता काळा कुळकुळीत दिसला की उद्‌घाटनाच्या दिवशी सर्वांचेच समाधान होते. त्याची खरी परीक्षा मृगाच्या पहिल्या सरींनंतर सुरू होते. त्या वेळी खड्ड्यांवर त्रागा करण्यापेक्षा, काम चालू असताना माप, घनता आणि वजन हे तीन आकडे जुळवून पाहणे अधिक हिताचे.

चौकट : लक्षात ठेवण्याजोगे आकडे

- घट्ट डांबरी मिश्रण, दाबलेले : घनमीटरला सुमारे २.४ टन (दगडानुसार २.३४ ते २.५)
- एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी : २.४ किलो
- एक चौरस फूट, एक इंच जाडी : सुमारे ५.७ किलो
- एक ब्रास : २.८३ घनमीटर
- सैल थराची जाडी : दाबलेल्या थराच्या सव्वापटीपर्यंत
- जुन्या डांबरी पृष्ठभागावर टॅक कोट : चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो
- २० मिलिमीटर कार्पेट : १० चौरस मीटरला १४.६ किलो बिटुमेन